जावेला दिलेली सुई

घरात एक जाड माणूस असलं की बाकीच्यांना करमणुकीसाठी टीव्हीसुद्धा लागत नाही! वाचकहो, तुमच्याही घरात असं एखादं टोपणनाव रुळलेलं असेल. ते ठेवणारा कोण, त्यावर हसणारे कोण, तेही तुम्हाला ठाऊक असेल. एवढ्यात हसू नका, आधी ही गोष्ट ऐका.

दोन भाऊ एकाच इमारतीत राहत होते. थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा खालच्या. आई थोरल्याकडे. रविवारी दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र, वरच्या घरी. धाकट्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. अंगानं चांगलीच भरलेली, त्यामुळे जिना चढताना तिला धाप लागायची. ती दारात पोचायच्या आधीच थोरल्या जावेची हाक ऐकू यायची, "रोडरोलर आला गं बाई! काचेची भांडी आत घ्या!"

मग काय विचारता! सासूबाई तोंडावर हात धरून हसायच्या, थोरले दीर पेपराआडून हसायचे, आणि ज्यानं मुळीच हसायला नको तो धाकटीचा नवरा, तोही ताटात बघत हसून घ्यायचा. धाकटीनं दुसऱ्यांदा भात घेतला की थोरली विचारायची, "टाकी फुल्ल करतेस का?" धाकटीही सगळ्यांबरोबर हसायची. न हसून सांगते कुणाला? तोंडानं हसायची आणि एकेक टोमणा मनात जपून ठेवायची. एकही विसरली नव्हती ती.

पुढे तिचे गुडघे कुरकुरायला लागले, रक्तातली साखर वाढली, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई मोठ्या करड्या. त्यांनी आधी सगळ्या तपासण्या करायला लावल्या आणि प्रश्नांची सरबत्ती केली. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग? सगळं पारखून मग आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं दिसणारं, आपलं आपण पोटावर टोचून घ्यायचं.

"औषध चांगलं आहे, पण ते मी तुला देतेय, तुझ्या इमारतीला नाही," बाई म्हणाल्या. "सुरुवात अगदी थोड्यापासून. मात्रा मी वाढवणार, तू नाहीस. पोटात कळ उठली, उलट्या थांबेनात, तर तडक इकडे यायचं. आणि औषध घेतेस म्हणून चालणं नि वेळेवर जेवणं सुटायला नको."

पहिले काही आठवडे वाईट गेले. एवढ्याशा मात्रेनंही तिला चहाचा वास सहन होईना. एका रविवारी ती ताटावरून उठून मोरीकडे धावली, तर मागून थोरली म्हणाली, "अगं बाई, रोडरोलरला गाडी लागली!" सगळं घर खदखदून हसलं. आत धाकटी ओकत होती आणि बाहेरचं हसणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

महिन्यामहिन्यानं मात्रा वाढत गेली, तसं शरीरही सरावलं. वजन हळूहळू उतरलं. साखर आटोक्यात आली, जिना चढणं सोपं झालं. कपडे ढगळ झाले तेव्हा थोरलीनं नाक मुरडलं. "सुया टोचून कुणीही बारीक होईल. त्यात कसली मर्दुमकी?"

आणि एका दुपारी हीच थोरली खाली आली. धाकटीची त्या दिवशी सुट्टी होती. थोरलीनं आत येऊन दार लावून घेतलं आणि धाकटीच्या शेजारी अगदी खेटून बसली.

"अगं, दोन महिन्यांवर लेकीचं लग्न आलंय," आवाजात साखर घोळून ती म्हणाली. "फोटोत हे पोट दिसणार. तुझं ते पेन दे ना मला. एकदोनदा घेईन फक्त."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंत का?"

"त्या नाहीच म्हणतील. माझं वजन काही फार नाही ना! नवी सुई लावली की झालं, त्यात काय मोठंसं? पण हे आपल्या दोघींतच राहू दे हं. वर कुणाला कळलं तर माझी थट्टा करतील."

थट्टा! तिची! धाकटीची कानशिलं तापली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. इतकी वर्षं सूड कसा घ्यावा हे तिला सुचत नव्हतं, आणि आज शिकार स्वतःच्या पायांनी चालत येऊन सोफ्यावर बसली होती. फ्रिजमध्ये ठेवलेलं पेन वरच्या मात्रेचं होतं. तिथवर पोचायला धाकटीला कित्येक महिने लागले होते. पहिल्याच वेळी कुणी एवढं घेतलं तर काय होईल, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं उठून फ्रिज उघडला. पेन दिलं, नवी सुई दिली, कसं टोचायचं तेही हसतमुखानं दाखवलं. एक शब्द खोटा बोलली नाही. "सुरुवातीला थोडं मळमळतं," एवढंच म्हणाली.

"गुणाची गं माझी जाऊ!" थोरलीनं तिच्या गालाला हात लावला. "उद्या सकाळी सगळे बाहेर पडले की घेते."

ती गेल्यावर धाकटी बंद दाराकडे बघून म्हणाली, "मळमळेल? आतडी बाहेर येतील तुमची!" त्या संध्याकाळी ती गुणगुणत कामं करत होती. थोरली टमरेल धरून मोरीत बसली आहे, आणि आपण मागे उभं राहून विचारतो आहोत, "टाकी रिकामी करताय का वहिनी?" हे चित्र तिनं पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर आणलं. दर वेळी ते जास्तच गोड लागलं. खोटं कशाला सांगू, तिच्या जागी असतो तर आपल्यातल्या पुष्कळांना लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. एक तरुण बाई, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. "काय चष्मे देता हो तुम्ही! डोकं भणभणतंय, पायरी कुठे आहे ते दिसत नाही, चक्कर येते." विचारलं तर चष्मा तिच्या बहिणीचा. बहिणीला छान दिसतो म्हणून घालून बघितला!

धाकटी उखडली. "अहो, नंबर बहिणीचा आणि डोळे तुमचे! तिला जो बरा, तो तुम्हाला बरा असेल असं कुणी सांगितलं? दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली वस्तू कुणी घालतं का?"

दुकानाचे मालक काचा पुसत बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते हसून म्हणाले, "रागावू नको गं. ताई, काढून ठेवा तो. चष्म्याचं एक बरं असतं, काढला की कटकट मिटली."

धाकटीचा हात थबकला. चष्मा काढून ठेवता येतो. पण टोचलेलं औषध? तेही आठवडाभर अंगात राहणारं! ते कोण काढणार?

आणि मग तिला तो जुना दवाखाना आठवला. थोरलीची मुलगी शाळेत होती, तेव्हाची गोष्ट. थोरली पोट धरून गडाबडा लोळली होती, स्वादुपिंडाला सूज आली होती. कसंबसं निभावलं होतं. तेव्हा तिच्या उशाशी बसून होती ती ही धाकटीच. डॉक्टरीणबाईंनी औषध देण्याआधी विचारलेला पहिला प्रश्न हाच नव्हता का? वाचकहो, धाकटी हे विसरली होती असं समजू नका. काल पेन देताना ती आठवण मनाच्या दारापर्यंत आली होती, आणि तिनं तिला आत येऊ दिलं नव्हतं. फजिती व्हावी एवढंच तिला हवं होतं. आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं फोन लावला. थोरली उचलेना. पुन्हा लावला. मग काकांना "घरी जाते" एवढंच सांगून ती निघाली आणि रस्त्यानं अक्षरशः पळत सुटली.

वरच्या मजल्यावर दार थोरलीनंच उघडलं. चेहरा खुललेला. "घेतलं बाई! मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखलं नाही!"

"वहिनी, चपला घाला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"का? मला काहीसुद्धा होत नाहीये." थोरलीनं डोळे बारीक केले. "मी बारीक होणार म्हणून तुझ्या पोटात दुखायला लागलं वाटतं?"

"हो, दुखतंय!" धाकटी ओरडली. "तुमचं वाईट व्हावं म्हणूनच दिलं मी ते! ती मात्रा तुमच्यासाठी नव्हती. तुमच्या स्वादुपिंडाचं मला माहीत होतं. माहीत असून दिलं. आता चला!"

थोरली भिंतीला धरून उभी राहिली. तिनं मुकाट्यानं चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि थोरलीला दाखल करून घेतलं. दुपार कलली तशा उलट्या सुरू झाल्या. पाणी घेतलं तरी बाहेर येई. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. टमरेल धरून धाकटी शेजारी उभी होती. काल रंगवलेलं चित्र जसंच्या तसं समोर होतं, पण तिच्यानं बघवेना. थोरलीचा घामेजलेला हात तिच्या मनगटाला घट्ट धरून होता.

बाईंनी तिला बाहेर बोलावलं आणि फैलावर घेतलं. "सूड घ्यायचा होता ना? मग तोंडानं घ्यायचा होतास! जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं, ‘या नावानं मला हाक मारायची नाही.’ भांडायचं. पंगतीतून उठून जायचं. तो तुझा हक्कच होता. औषधाला कशाला कामाला लावलंस? आणि नवी सुई लावली की झालं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? वापरलेल्या पेनातून एकीचा आजार दुसरीला जातो, सुई बदलली तरी! चिठ्ठीवर मी नाव लिहिते ते काय शोभेसाठी?"

"वाचतील ना त्या?"

"अजून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रक्ताची तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली. स्वादुपिंड वाचलं होतं. नशीब! उलट्या मात्र ओसरायला पुढचे काही दिवस लागले. तोवर घरचे सगळे खाटेभोवती जमले होते, आणि घरच्यांना झालं काय तेवढंच कळलं होतं, कसं झालं ते नाही.

"ही बारीक व्हायची औषधंच मुळात घातक," थोरले दीर म्हणाले. "बंदी घातली पाहिजे."

"तूही फेकून दे ते," धाकटीचा नवरा तिला म्हणाला. "आधी होतीस तशीच बरी होतीस."

बघा, किती सोपं होतं! मान डोलावली असती तर धाकटी सुटली असती. सगळं खापर औषधावर फुटलं असतं, आणि औषध काही उलटून बोलत नाही. थोरली डोळे मिटून पडली होती. तिनंही अजून तोंड उघडलं नव्हतं.

"औषधाचा काही दोष नाही," धाकटी म्हणाली. "त्यानं माझे गुडघे वाचवलेत, मी ते बाईंच्या देखरेखीखाली घेतेय आणि घेत राहणार. दोष माझा. वहिनींना ते चालणार नाही हे माहीत असून मी त्यांच्या हातात दिलं. मला त्यांचा सूड घ्यायचा होता."

सासूबाई कडाडल्या. "अगं कैदाशिणी! आमच्या घरात राहून..."

"आई, गप्प बसा." खाटेवरून थोरलीचा क्षीण आवाज आला. "पेन मी मागितलं. डॉक्टर नाही म्हणतील हे माहीत होतं, म्हणून चोरून मागितलं. तिनं दिलं ते वाईटच केलं, मी ते विसरणार नाही. पण माझं वाईट व्हावं असं तिला का वाटलं, हे तिला विचारू नका. तुम्ही सगळे स्वतःला विचारा. मी विचारलंय."

धाकटीचा नवरा जमिनीकडे बघत राहिला. या वेळी तो हसत नव्हता.

लग्न झालं. थोरली फोटोत आपल्या पोटासकट उभी आहे आणि छान दिसते आहे. बाईंनी तिला तपासून सांगितलं, तुला या औषधाची गरजच नव्हती. दोघी जावा गळ्यात गळा घालून रडल्या असं मी सांगणार नाही, कारण त्या रडल्या नाहीत. धाकटीनं अजून माफ केलेलं नाही आणि थोरलीनं अजून विश्वास टाकलेला नाही. पण रविवारी धाकटीला आता तिच्या नावानं हाक मारतात, आणि पेन कुलपात असतं.

तेव्हा वाचकहो, चिठ्ठीवर ज्याचं नाव, औषध त्याचं. सख्ख्या बहिणीलाही ते देऊ नका, मागूही नका. वजनाचं औषध हवं असेल तर राजरोस डॉक्टरकडे जा, जुनं दुखणं लपवू नका, आणि मात्रा ते सांगतील तीच घ्या. मनात राग असेल तर तो बोलून मोकळे व्हा, औषधाच्या बाटलीत भरू नका. आणि ज्यांना घरातल्या एखाद्याच्या देहावर विनोद करायची हौस आहे, त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: आजारी पडाल त्या दिवशी तुम्हाला औषध कदाचित तोच माणूस देणार आहे.