बाक्सोचं मांस

रुकमान माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्या हातात सुरी मीच दिली, हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली ते कुणी सांगत नाही.

आमच्या लाम्पुंगच्या कत्तलखान्यात बैल येतात ते जहाजातून, ऑस्ट्रेलियाहून, मोठाल्या वशिंडांचे. बावीस वर्षं मी त्यांची हाडं मोकळी करत आलोय. हे बैल मागवणाऱ्या आमच्या मालकीणबाई, बू राहायू, यांनी गेल्या वर्षी एक सल्लागार बोलावला आणि त्याने सगळं उलटंपालटं केलं. पूर्वी धड फरशीवर पडायचं, आता टांगतात. पूर्वी आम्ही ऊन ऊन कापायचो, आता रात्रभर थंड खोलीत ठेवून सकाळी कापतो. हाडाला किती मांस चिकटून राहिलं तेही तो बघायचा. रुकमानच्या हाडावर मुंगीचंसुद्धा पोट भरलं नसतं. माझ्या हाडावर कुत्र्याचं भरलं असतं.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? कापणीच्या खोलीला मुकादम नेमायचा होता. मुकादमाला पांढरं हेल्मेट, बाकीच्यांना पिवळं. ते मला हवं होतं. बावीस वर्षं मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

"कांग, तुला मिळालं काय नि ह्यांना मिळालं काय, घरातच राहणार ना?" बहीण म्हणाली. आमच्यात थोरल्या भावाला कांग म्हणतात, रुकमानही मला तसंच म्हणायचा. तिला असं म्हणायला काय जातंय, तिच्या दोन्ही हातांत लाडू.

त्याच आठवड्यात बाक्सोवाल्या सुमर्तीबाईंनी मांस सांगितलं. नातवाची सुंता होती, संध्याकाळी पंगत, सगळ्यांना बाक्सो, म्हणजे रश्श्यातले मांसाचे गोळे. एरवी त्या बाजारातून घेतात, पण या वेळी त्यांना जहाजाच्या बैलाचं, स्वच्छ मांस हवं होतं. ते पाठवायचं काम रुकमानकडे आलं.

रुकमान कोळ्याच्या घरातला, मासळीवर वाढलेला. आदल्या दिवशी मी सुरीला धार लावत असताना तो जवळ आला. "कांग, थंड खोलीतलं मांस बाक्सोला चालेल ना? तुम्हाला जास्त कळतं."

मला कळत होतंच. बाक्सोचं मांस कापल्या कापल्या दळावं लागतं. वर हात ठेवला की आत अजून फडफडतंय, तेव्हाच. थंड होऊन ताठरलं की ते धरत नाही, गोळे पाण्यात सुटतात. आमच्याकडच्या बाया बाजारात हात ठेवूनच मांस घेतात. सुमर्तीबाईंनी 'गरम द्या' असं सांगितलं नाही, कारण कत्तलखान्यात मांस थंडही मिळतं हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मांस ते मांस," मी म्हणालो. "थंडीत ठेवलं म्हणून त्याला काय सर्दी होते?"

तो हसला आणि गेला. मी धार लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमर्तीबाई पातेलं घेऊनच दारात उभ्या राहिल्या. आत गढूळ पाणी आणि मांसाचा चुरा.

"हे बघा. सगळं गाव यायचंय, आणि मी त्यांना ही पेज वाढू?"

बू राहायूंनी आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं. "रुकमान, बाक्सोला थंड मांस? कुणाला विचारून पाठवलंस?"

रुकमानने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पातेल्यातल्या चुऱ्याकडे बघत राहिलो.

"कुणालाच नाही विचारलं, बू," तो म्हणाला. "चुकलो. कांगना विचारलं असतं तर हे झालंच नसतं. बाक्सोचं मांस त्यांनाच कळतं."

लगेच एक बैल कापायला घेतला. मी आणि रुकमान शेजारी शेजारी उभे राहून ऊन ऊन मांस सोडवत होतो, सुमर्तीबाई मागे टोपली धरून. त्यांनी मांसावर हात ठेवला, फडफड लागली, तेव्हा कुठे त्यांचा राग उतरला. पंगत वेळेवर बसली.

संध्याकाळी बू राहायू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यापुढे बाक्सोवाल्यांना गरम, हॉटेलांना थंड. आणि हे दोन्ही सांभाळायला जुनं माणूस पाहिजे." पांढरं हेल्मेट त्यांनी माझ्या हातात दिलं.

ते माझ्या डोक्याला सैल होत होतं. रुकमान पुढे आला, त्याने हनुवटीखालचा पट्टा ओढून नीट बसवला.

"घट्ट तर नाही ना झालं, कांग?"

"नाही," मी म्हणालो.

मी काय सल्ला दिला होता ते त्याने घरी बहिणीलाही सांगितलं नव्हतं, कारण ती माझ्यासाठी गोडाचं करून बसली होती. हवं होतं ते माझ्या डोक्यावर होतं, आणि तरी त्या माणसाचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.