नव्वद चौकोन

डॉक्टरीणबाईंनी पाववाल्याला तीन महिने भट्टीपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा त्याला आधी हसूच आलं. बाराव्या वर्षापासून हा माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा. नुसता तळहात पुढे केला की आच किती आहे ते त्याला कळायचं. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. इतके दिवस तपासण्या झाल्या त्या बायकोच्याच. "यांचीही करू," असं त्याच्याकडे बघून म्हणणाऱ्या या पहिल्याच. रिपोर्ट आला आणि उणं निघालं ते त्याच्यात. तेही फार नव्हतं.

"लगेच औषधं नकोत," त्या म्हणाल्या. "भट्टीची धग सोडा, सिगारेट सोडा, घट्ट पँट सोडा. दोघांनी वजन थोडं उतरवा, वेळेवर जेवा, पुरेसं झोपा. शरीरात फरक दिसायला तीनेक महिने लागतात. मग पुन्हा बघू."

त्यांनी सांगितलं ते एवढंच. पुढची अक्कल पाववाल्याने स्वतःची चालवली. "अर्धं फुगलेलं पीठ भट्टीत सारायचं नसतं," त्याने बायकोला बजावलं. "नव्वद दिवस पुरे होईपर्यंत प्रयत्न म्हणून करायचा नाही. जे करायचं ते नीट." डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून घ्यावं, हे काही त्याला सुचलं नाही. आपल्या धंद्यातलं शहाणपण जगात सगळीकडे चालतं असं समजणारी माणसं असतात, त्यातलाच हा.

त्याने कागदावर पट्टीने नव्वद चौकोन आखले आणि तो कागद पिठाच्या पिंपामागच्या भिंतीला चिकटवला. रोज सकाळी उठला की तोंडात पाण्याचा थेंब घेण्याआधी एका चौकोनावर फुली. फुलीही कशी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरळ.

भट्टीवर उभी राहिली ती बायको. पहिल्या आठवड्यात पाव असे करपले की गिऱ्हाइकं विचारायची, "वहिनी, पाव देताय की कोळसा?" हा गल्ल्यावर बसून तिथूनच ओरडायचा, "अगं काढ, काढ, झाले!" ती म्हणायची, "अहो, तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघा." महिन्याभरात तिचा हात असा बसला की जुनी गिऱ्हाइकं पावाचं कौतुक त्याच्यासमोर करायची आणि त्याला ते गोड मानून घ्यावं लागायचं. दोघांचीही पोटं उतरली. सिगारेट सुटली. घरात बऱ्याच वर्षांनी थट्टामस्करी सुरू झाली.

अडतिसाव्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. त्याची आई बहिणीकडे गेली होती. दुपारचं ऊन खिडकीशी होतं, दोघं भांडी आवरत हसत होती, आणि मग नियम मोडला.

"हा धरायचा नाही हं," तो नंतर म्हणाला.

"कोणाला सांगणार आहात, हेडमास्तरांना?" ती उशीत तोंड खुपसून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुढच्या चौकोनावर नेहमीसारखी फुली मारली.

साठाव्या दिवसाच्या आसपास ती थकायला लागली. आंबलेल्या पिठाच्या वासाने तिला मळमळायचं. "पाळी चुकलीय," ती म्हणाली. "एकदा तपासून बघू का?"

"सहा किलो वजन उतरलंय तुझं. पुढेमागे होणारच. आणि आजवर किती वेळा तपासलंस आणि किती वेळा न्हाणीघरात जाऊन रडलीस? आता मध्येच नको. नव्वद होऊ दे."

तिने ऐकलं. खरं तर तिलाही तपासायची भीतीच वाटत होती. सहा वर्षं ती एकच रेघ बघत आली होती.

आई मात्र बसल्या जागेवरून सगळं बघत होती. "अरे, तिला वास सोसत नाही," तिने एकदा हळूच विचारलं. "काही गोड बातमी?"

"आई, अजून सुरुवातच केली नाही आम्ही!" तो म्हणाला, आणि तेही छाती पुढे काढून.

पंच्याऐंशीव्या दिवशी दुपारचे पाव काढताना बायको कमरेत वाकली. हातातलं लांब दांड्याचं फळकं तिने नीट भिंतीला टेकवून ठेवलं, मग खाली बसली. "अहो," एवढंच म्हणाली. तो गल्ला उघडा टाकून धावला. तिच्याखालच्या फरशीवर रक्त होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "शेवटच्या पाळीपासून धरलं तर आठ-नऊ आठवड्यांचं होतं," त्या म्हणाल्या. "नाही टिकलं."

"कसं शक्य आहे? आम्ही तर अजून सुरुवातच..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण माणसं हसत हसत वापरतात. त्याला आता ती आठवली.

"भट्टीने झालं? गोण्या उचलल्या तिने. मीच तिला तिथे..."

"नाही हो. पुष्कळदा मुळात घडणच नीट झालेली नसते. आधी कळलं असतं तरी बहुतेक हेच झालं असतं." त्यांनी हातातला कागद मिटला. "पण मी तुम्हाला थांबा असं म्हटलं नव्हतं."

तीन दिवसांनी दोघं घरी आली. आईला अशक्तपणा एवढंच सांगितलं होतं. ती बिचारी दारातच म्हणाली, "तुमचा खाडा पडू नये म्हणून दोन फुल्या मी मारल्या बरं का. तीनच राहिल्या. आजची तू मार." तिने त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि सुनेसाठी दूध तापवायला आत गेली.

बायको कागदासमोर उभी राहिली. तिने अडतिसाव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि तिथून एकेक चौकोन मोजत गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पंच्याऐंशीव्यावर बोट थांबलं.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "सत्तेचाळीस दिवस होतं ते आपल्या घरात."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळलं असतं तरी..."

"वाचलं नसतं. ऐकलं मी." ती त्याच्याकडे वळली. डोळे कोरडे होते, आणि तेच त्याला बघवेना. "पण कळलं असतं तर चार दिवस आनंद तरी झाला असता हो. आईंनी माझी दृष्ट काढली असती. तुम्ही वेड्यासारखी नावं शोधली असती. आलं आणि गेलं, आणि एकाही माणसाने त्याला ये म्हटलं नाही."

हातातली पेन्सिल खाली ठेवायचंही त्याला सुचेना. तो त्या फुल्यांकडे बघत राहिला. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. सगळ्या त्याच्याच हातच्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरळ. आपल्या लेकराच्या आयुष्याचा एकेक दिवस त्याने रोज सकाळी उठून, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, स्वतःच्या हाताने खोडला होता.