बर्फखोलीतला शुक्रवार

गुरुप्रसादच्या दुकानाच्या माळ्यावर बावीस निळ्या मॅट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मारुती मंदिरजवळच्या त्या दुकानात तो ताडपत्र्या, रेनकोट आणि बोटीचे दोर विकायचा. मागच्या खोलीत त्याच्या ट्रेकिंग ग्रुपच्या बैठका व्हायच्या. नोव्हेंबरातल्या बैठकीला त्याने माळ्यावरून एक मॅट खाली आणली, सगळ्यांसमोर तोंडाने फुगवली आणि जमिनीवर टाकली.

"जानेवारीत याच न्यायच्या. उगाच नवीन खूळ नको."

"या मॅट बर्फावर चालत नाहीत," ग्रुपमधली सलोनी म्हणाली.

"चालत नाहीत म्हणजे? मागच्या वेळी मी याच्यावरच झोपलो."

"तुम्ही स्वयंपाकाच्या तंबूत झोपला होतात. अंगाखाली दोन घोंगड्या होत्या तुमच्या."

यंदा पहिल्यांदाच बर्फात जाणारी आठ मुलं-मुली होती. त्यातली तिघं आली होती, ती नुसती मॅटकडे बघत राहिली.

मागच्या जानेवारीत हा ग्रुप उत्तराखंडात गेला होता. बारा हजार फुटांवर बर्फात तंबू ठोकले होते. सलोनीच्या तंबूत ईशा होती, तिच्याच मासळीच्या कंपनीत काम करणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. निळ्या मॅटवर ईशा आधी काकडत होती, पहाटे तिचं काकडणं थांबलं आणि बोलणं जड झालं. "मला काही होत नाही," एवढंच ती म्हणत राहिली. गावच्या वाटाड्याने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती वाचली, पण दोन महिने ती नीट चालू शकली नाही. आणि परत आल्यावर याच खोलीत, ईशा समोर बसलेली असताना, गुरुप्रसाद म्हणाला होता, "अंगात रक्त नाही आणि डोंगर चढायला निघतात."

ईशा त्या दिवशी उठून गेली ती गेलीच. सलोनी राहिली. बर्फापर्यंत नेणारा दुसरा ग्रुप रत्नागिरीत तिला माहीत नव्हता, आणि नवीन मुलांना एकट्या गुरुप्रसादच्या हाती सोडायची तिची तयारी नव्हती. पूर्वी ती त्याला गुरुदादा म्हणायची. आता नावही घेत नव्हती.

"मॅडम," गुरुप्रसाद म्हणाला, "तुम्ही तुमची मासळी सांभाळा. बर्फाचं आम्ही बघू."

"मासळीच्या कंपनीत दिवसभर बर्फच असतो." सलोनी उठली आणि त्या फुगलेल्या मॅटवर पाय ठेवला. "हिच्यात नुसती हवा आहे. खालचा बर्फ त्या हवेला गार करतो, ती हवा तुमच्या पाठीला. मधे ऊब अडवायला काहीच नाही. आणि कुठे टोचलं की संपलं. आपल्याला जाड फोमची मॅट पाहिजे. तिला भोक पडलं तरी काही बिघडत नाही."

"फोमची म्हणजे चटईच की. पोरांना चटईवर झोपवणार बर्फात?"

"मग झोपून बघू. तुम्ही तुमच्या मॅटवर, मी माझ्या. मिरकरवाडा बंदरावर माझा मामा बर्फाच्या कारखान्यात आहे."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. पण नवीन पोरं बघत होती.

"कधी येऊ सांग," तो म्हणाला.

सलोनीचा रघूमामा मूळचा पूर्णगडचा. तरुणपणी बोटीवर होता, नंतर सव्वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात. भाचीचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं.

"बर्फ मासळीसाठी असतो गो. माणसांना झोपवायला नाही."

"दीड तासच, मामा."

"आणि हा माणूस कोण?"

"ग्रुपचा लीडर."

"तुझ्या तोंडावरून तसं वाटत नाही," मामा म्हणाला. पण शेवटी तयार झाला. शुक्रवारी बऱ्याच बोटी समुद्रावर जात नाहीत, बर्फाला मागणी कमी, म्हणून त्याने शुक्रवार सकाळ दिली.

बर्फखोलीत उणे सात तापमान होतं. मामाने आठ लाद्या आडव्या टाकून दोन बिछाने केले, मधे हातभर अंतर ठेवून. एकावर निळी मॅट, दुसऱ्यावर सलोनीने मागवलेली बोटभर जाडीची फोमची. वर मागच्याच वर्षीच्या स्लीपिंग बॅगा. सलोनीचं कंपनीतलं काम म्हणजे माशाच्या पोटात तापमापकाची सुई खुपसून आकडा लिहिणं. तसे दोन तापमापक तिने मागून आणले होते. दोघांच्या कमरेखाली, बॅग आणि मॅट यांच्यामध्ये तिने एकेक सुई सरकवली.

गुरुप्रसादने जॅकेट काढून खुंटीला लावलं आणि नुसत्या टी-शर्टवर बॅगेत शिरला.

"जॅकेट घाला," सलोनी म्हणाली.

"तुला लागत असेल तर तू घाल. आकडे पण तूच बघ. मला माझी पाठ सांगते."

मामाने बजावलं, "दाराला आतून कडी नाही. ढकललं की उघडतं. काही वाटलं तर दार ठोका, मी बाहेर आहे." तेवढ्यात मासळीचा एक टेम्पो बर्फ भरायला आला आणि मामा तिकडे गेला.

पहिली दहा मिनिटं गुरुप्रसाद बोलत होता. अठरा हिवाळे काढलेत, काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत. सलोनी आकडे बघत होती. त्याचा आकडा सतरा, तिचा वीस. वीस मिनिटांनी त्याचा अकरा झाला. तिचा सतरा. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिने लपवलं नाही.

"अकरा," ती म्हणाली.

"आकडा झोपत नाही. माणूस झोपतो."

अर्ध्या तासाने मात्र तिच्या स्वतःच्या कमरेत गारवा शिरायला लागला. आधी एका जागी, नाण्याएवढा, मग पसरत गेला. तिने कूस बदलली. पंधरा. फोमच पुरेल असं ती बैठकीपासून सगळ्यांना सांगत होती, आणि फोम पुरत नव्हता. एखादी रात्र कुडकुडत निघाली असती, पण झोप लागली नसती. तिला स्वतःचा राग आला आणि तो तिने शेजारी वळवला.

"कसं वाटतंय?"

"मश्त," गुरुप्रसाद म्हणाला.

त्याचे ओठ निळसर झाले होते. दात वाजत होते ते तिला ऐकू येत होतं. आकडा सात.

"उठायचं?"

"मला काही होत नाही."

शब्द जड होता, 'होत' मधला 'त' अर्धा गिळलेला. हे बोलणं तिने ओळखलं. याच वेळी दार ठोकायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं.

तिने ठोकलं नाही. ती कुशीवर वळून त्याच्याकडे बघत पडून राहिली. एकदा म्हण, ती मनात म्हणत होती. ही मॅट गार आहे, एवढंच म्हण, मग मी उठते. तो छताकडे बघत होता. सहा. मग पुन्हा सहा. दातांचा आवाज कमी झाला. तो कमी का झाला हेही तिला माहीत होतं. ती घड्याळ बघत होती, म्हणून नंतर तिला नेमकं सांगता आलं: दहा मिनिटं.

टेम्पो भरून झाला तसा मामा आत डोकावला. एक नजर टाकली आणि काही न विचारता गुरुप्रसादला काखेत धरून बाहेर ओढलं. भिंतीलगत उन्हात बसवलं, अंगावर दोन कोरडी गोणपाटं टाकली, वर स्वतःचा स्वेटर. चहा आणवला. गुरुप्रसादच्या हातात ग्लास राहीना, चहा मांडीवर सांडला. मग मामानेच ग्लास त्याच्या ओठांना लावला, लहान मुलाला पाजतात तसा, घोट घोट.

अर्ध्या तासाने त्याला थोडी हुशारी आली तेव्हा मामा सलोनीकडे वळला.

"आकडा तुझ्याकडे होता ना?"

"होता."

"मग दार का नाही ठोकलंस?"

तिने हातातला तापमापक बंद केला.

"बोटीवर असं कुणी केलं तर त्याला परत बोटीवर घेत नाहीत," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. ग्लास विसळायला निघून गेला.

गुरुप्रसादने गोणपाटातून मान वर केली. "तुझीपण... गार पडली ना?"

"पडली. पंधरावर."

"मग तुझंही खोटंच."

"हो," सलोनी म्हणाली. त्याच्या मॅटबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही.

संध्याकाळी तिने ईशाला फोन लावला. सगळं सांगितलं. ईशाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्याने कबूल केलं?"

"नाही."

"मग तुला काय मिळालं?"

"ईशा, मला दिसत होतं. तरी मी दहा मिनिटं गप्प राहिले."

"हे माझ्या नावावर खपवू नकोस," ईशा म्हणाली. "मी तुला सांगितलं नव्हतं असं करायला. माझे पाय, माझं मी बघेन." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर सलोनी जिंकायच्या मागे लागली नाही. पण जानेवारी जवळ येत होता आणि आठ जणांना बर्फावर झोपायचं होतं. तिने वाचायला सुरुवात केली. चांगल्या मॅटवर एक आकडा छापलेला असतो, ती किती ऊब धरून ठेवते त्याचा. बर्फावर तो पाचाच्या पुढे लागतो. तिच्या फोमचा दोन होता. निळ्या मॅटवर आकडाच नव्हता. पण एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, हे कळल्यावर तिला आपण हट्टाने अर्धंच बघितलं असं वाटलं. हवेची मॅट वाईट नव्हती, नुसत्या हवेची वाईट होती. आत ऊब धरणारा कापसासारखा थर भरलेल्या हवेच्या मॅटही मिळत होत्या. त्यांचा आकडा चार-साडेचार.

तिने दोन वेगवेगळ्या मागवल्या. गावाबाहेरच्या कातळावर नेल्या, जांभ्याच्या खरखरीत दगडावर अंथरल्या आणि तीन दिवस रोज त्यांच्यावर बसली, लोळली, बूट घालून गुडघे टेकले. मग करवंदीच्या जाळीतली काटेरी फांदी तोडून खाली टाकली. पातळ कापडाच्या मॅटमधून तिसऱ्या दिवशी हवा सुस करत गेली. दुसरीचं कापड जाड होतं, वजन थोडं जास्त होतं, तिच्यावर नुसते ओरखडे उठले. फोम खाली घातला की काटा वरपर्यंत पोचतही नव्हता. आणि वरची फुटलीच तर खाली फोम होता.

पुन्हा बर्फखोली मागायला ती मामाकडे गेली तेव्हा मामा म्हणाला, "मी आत बसणार." दोन स्वेटर आणि कानटोपी घालून तो दीड तास लादीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला, पाच-पाच मिनिटांनी आकडा विचारत. चोवीस. तेवीस. तेवीसच. पुढच्या वेळी उत्तर आलं नाही म्हणून त्याने घाबरून तिला हलवलं. ती झोपली होती.

डिसेंबरातल्या बैठकीला आठही नवीन जण आले. सलोनीने दोन्ही शुक्रवारचे आकडे वाचून दाखवले, तिच्या नुसत्या फोमचेही.

गुरुप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. "माझ्या मॅट टाकून द्यायच्या का मग?"

"टाकायच्या कशाला? मे महिन्यात किनाऱ्यावर कॅम्प असतो, तिथे चालतील."

"उपकार झाले." तो पुढे आला. "आता मी एक सांगतो. हिने मला त्या खोलीत मरायला ठेवलं होतं. आकडा बघत पडून होती. हेही लिहून घ्या तुमच्या वह्यांत."

सगळ्यांनी सलोनीकडे बघितलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं."

नवीन मुलींपैकी मनस्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली, हात वर न करताच बोलली. "मग आम्ही तुमच्यापैकी कोणावर भरवसा ठेवायचा?"



"कोणावरच नको," सलोनी म्हणाली. "मॅटवरचा आकडा स्वतः वाचा. आणि गार लागलं तर स्वतः ओरडा. आम्हाला कळेल म्हणून वाट बघू नका."

दोन जणांनी त्याच आठवड्यात नावं काढून घेतली. उरलेल्या सहांसाठी फोम आणि वर भरलेली हवेची मॅट, असं ठरलं. गुरुप्रसादने खरेदीच्या यादीवर सही केली. सलोनीकडे न बघता कागद टेबलावरून तिच्या दिशेने ढकलला.

जानेवारीत मागच्या वर्षीच्याच बर्फाळ उतारावर तंबू लागले. अंधार पडल्यावर उणे बारा झालं. सलोनी प्रत्येक तंबूत जाऊन आली, मॅटवर गुडघा दाबून हवा बघितली, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि आईचं नाव मोठ्याने सांगायला लावलं. मुलं हसली, पण सांगितलं. शेवटच्या तंबूत गुरुप्रसाद होता. यंदा तो स्वयंपाकाच्या तंबूत गेला नव्हता. तिने त्यालाही विचारलं.

"गुरुप्रसाद," तो म्हणाला. "आईचं नाव यमुनाबाई. झालं समाधान?" शब्द सगळे स्वच्छ होते.

"झालं," ती म्हणाली आणि चेन लावली.

सकाळी नवीन सगळे सहा जण चहाला बाहेर आले. मनस्वीच्या केसांवर दव गोठलं होतं, आणि ती कालच्या भाताबद्दल तक्रार करत होती. गुरुप्रसाद आपली मॅट घेऊन सलोनीसमोर उभा राहिला.

"हिची झडप फार कडक आहे."

"थंडीत होते तशी. जोर लावून फिरवायची."

"कसली घेतलीस काय माहीत," तो म्हणाला, मॅट तिच्या पायाशी टाकली आणि चहाकडे गेला. सलोनीने दोन्ही हातांनी झडप फिरवली, हवा काढली आणि मॅट गुंडाळायला गुडघ्यावर बसली.