माउसचा पहारा

सूर्यभानच्या बैठकीत टीव्हीखाली ठेवलेला तो पांढरा डबा बघितला की रामहरीचं टाळकंच सरकायचं. गोळ्या घालायचे खेळ खेळायचं यंत्र, आणि त्यातून म्हणे कीर्तन ऐकायचं! पत्त्यांच्या अड्ड्यावर तुळशीचं लग्न लावण्यातलाच प्रकार.

पण आज नाक मुठीत धरून यावं लागलं होतं. गहिनीनाथ महाराजांचं वर्षश्राद्ध होतं आणि त्यांचं शेवटचं काल्याचं कीर्तन दाखवणार होते. जन्मभर महाराजांच्या मागं मृदंग वाजवलेला रामहरी नेमका त्या दिवशी नगरच्या दवाखान्यात हर्नियाचे टाके घेऊन पडला होता. महाराज भर कीर्तनात तुझं नाव घेऊन बोलले, असं सोनईत जो तो सांगे. काय बोलले, ते मात्र एकालाही धड आठवत नव्हतं. चित्रण एकट्या सूर्यभानकडं.

"पेनड्राइव्हवर दे की रे," रामहरीनं वर्षभर धोशा लावला होता.

"काका, पेनड्राइव्ह आता रसवंतीवाले लावतात," सूर्यभान आजही सगळ्यांदेखत म्हणाला. "कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही हितं. मधी वायर न्हाई. वायफायवरून या गेमच्या डब्यात, डब्यातून टीव्हीवर. तुमाला न्हाई कळायचं."

"व्हय बाबा, तूच एकटा शाणा," रामहरी म्हणाला आणि भिंतीला टेकला.

पडद्यावर महाराज उभे राहिले तशी बैठकीनं हात जोडले. कीर्तन रंगलं. काला आला, हंडी फुटायची वेळ झाली. महाराज थांबले, हसले. "आता आमचा रामहरी..."

आणि चित्र थिजलं.

"लाइटीचा घोळ," सूर्यभान म्हणाला.

"मग वरचा पंखा काय तुझा आजा फिरवतोय?"

सूर्यभान आत जाऊन आला. "कॉम्प्युटर झोपला हुता. लई वेळ हात लागला न्हाई की झोपतो. ते सेटिंग आमच्या पोरीनं, सुकन्यानं केलंय, मला घावंना."

कीर्तन पहिल्यापासून लागलं, कारण मधूनच लावायचंही त्याला जमेना. लोकांनी पुन्हा हात जोडले. हंडीपाशी आल्यावर यंत्राला पुन्हा डुलकी लागली.

"एवढा म्हागाचा ऐवज, आणि कुंभकर्ण!" रामहरी कडाडला. "अरं, सप्त्यात वीणा खाली ठेवतो का आपन? पाळीपाळीनं पहारा देतो. तुझ्या त्या माउसलाबी बसव पहारेकरी. हलवत राहील."

सूर्यभान खो खो हसला. "काका, कॉम्प्युटर हाय त्यो, देऊळ न्हाई."

तेवढ्यात महाराजांची बायको रंगुबाई पदर सावरत उठली. "मी बसते. कुठं हाय ते दाव."

सूर्यभानचं हसू जागच्या जागी वाळलं. "ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी बसा," असं पुटपुटत तो स्वतःच आत गेला.

तिसऱ्यांदा हंडी आली. महाराज थांबले, हसले.

"आता आमचा रामहरी पडलाय दवाखान्यात. वाजवतो झकास, पन सदा माझ्या पुढं पळतो. आज म्या निवांत गातोय, तर गानंच गोड लागंना. लवकर बरा हो, बाबा. तू पळ पुढं, मी येतो मागनं."

रामहरीनं उपरण्यानं डोळे चोळले. "लबाड!" तो पडद्याकडं बघून म्हणाला. "मी पळतो म्हनं. आन् पुढं गेलं कोन?"

"काका," आतून सूर्यभानचा आवाज आला, "उठू का आता?"

"बस तिथंच!" रामहरी ओरडला. "हंडी फुटायचीय अजून."