मी तिला चावलो नव्हतो

मी एक जुना बूट आहे मित्रांनो, उजव्या पायाचा. शेजारी डावा भाऊही आहे, पण तो आताशा बोलत नाही. आम्हाला उलटं करून पाहाल तर चकित व्हाल. आमचे तळ अजून जवळजवळ कोरे आहेत. धावायच्या बुटाला याहून मोठी लाज नाही.

कारखान्यात मला भडक नारिंगी रंग मिळाला. मला विकत घेणाऱ्या ताईने दुकानात मला पायात घातलं आणि तिथल्या तिथे चार उड्या मारल्या. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. भरतीच्या धावण्याच्या परीक्षेला दीड महिना उरला होता. रोज सकाळी आम्ही तळ्याभोवती सहा फेऱ्या मारायचो. काय सुख होतं ते!

मग तळ्याच्या कठड्यावर तिघेजण येऊन बसू लागले. "अगं हळू, पडशील! उचलायला येऊ का?" एक ओरडायचा. दुसरा मोबाइल समोर धरायचा. ताईने वेळ बदलली, फेरीची दिशा बदलली, भावाचं ढगळ जाकीट घातलं. ते आपले तिथेच. शेवटी तिला वाटलं, माझ्या रंगामुळेच आपण दुरून ओळखू येतो. तिचे बाबा पहारेकरी. त्यांच्या गणवेशाच्या बुटांचं काळं पॉलिश घरात होतंच. तिने आम्हा दोघांना काळंकुट्ट करून टाकलं. तिची सुटका होणार असेल तर माझा रंग गेला तर गेला.

दुसऱ्या दिवशी कठड्यावरून आवाज आला, "अरे वा, बूट रंगवले! आमच्यासाठी का?"

माझ्या आत तिची बोटं आखडली. ती चालतच घरी आली आणि पुन्हा तळ्यावर गेली नाही.

"का गं, हल्ली जात नाहीस?" बाबांनी विचारलं.

"बूट चावतात."

"होतील सैल," म्हणून बाबा कामावर गेले.

मित्रांनो, मी तिला कधीच चावलो नव्हतो! पण तिचं दुःख माझ्या नावावर खपत होतं, तर खपू दिलं. ती खोलीत जागच्या जागी धावायची. परीक्षा नऊ सेकंदांनी हुकली.

त्या संध्याकाळी बाबा आम्हाला बूट दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने आत हात घालून चाचपलं. "यात चावण्यासारखं काहीच नाही हो. आणि हे फारसे वापरलेलेसुद्धा नाहीत."

बाबा आपल्या अंगठ्याला लागलेलं काळं पॉलिश बघत राहिले. न चावणारे नारिंगी बूट पोरीने काळे करून लपवले, ते कोणापासून? घरी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "कोण होतं, बाळा?" ताई भिंतीकडे तोंड करून रडली. "मी लोकांची फाटकं राखतो," बाबा म्हणाले, "आणि माझ्याच पोरीची वाट राखली नाही."

मित्रांनो, मला जपू नका. बुटाने झिजायचंच असतं. कुणी धावत असेल तर तिला नुसतं धावू द्या. आणि घरात कुणी म्हणालं, "बूट चावतात", तर त्याच दिवशी बुटात हात घालून बघा. माझ्या ताईच्या बाबांनी दुसऱ्याकडून बघून घेतलं, तेही परीक्षा झाल्यावर.