गोजरबाईचं शेण

"शेण कुठी जाते, माय? नुसता गॅस निघते. शेण दुसऱ्या आंगानं परत भायेर येते. आन् चुल्हीचा धूर बंद!"

शालिग्राम खड्ड्यातूनच ओरडला. बुलढाण्याच्या कॉलेजातली पोरं शिबिराला आली होती. वामनरावांच्या गोठ्यामागं गोबरगॅसचा खड्डा खणत होती, आणि त्यांत सगळ्यांच्या पुढं गोजरबाईचा शालिग्राम! तिचा ऊर भरून आला. तरी तिनं खड्ड्यात वाकून विचारलं,

"कोनाच्या चुल्हीचा धूर, बापा?"

"पयले वामनरावच्या. मंग साऱ्याइच्या."

गोठा झाडील त्याचं शेण, ही गावची रीत. नवरा गेल्यापासून गोजरबाई तो गोठा झाडायची. मजुरी कसली नि काय! शेण तेवढं तिचं. गोवऱ्या थापून, विकून तिनं पोराला कॉलेजात धाडलं होतं. आता शिकलेला पोरगा म्हणतो, म्हणजे शेण परत येणारच की. तिनं आपल्या हातानं टोपलीमागून टोपली कालवून टाकीत ओतली.

दिवाळीनंतर पोरं शेगडी पेटवायला पुन्हा आली. वामनरावांच्या अन्नपूर्णाबाईंनी काडी लावली. निळा जाळ उठला, टाळ्या पडल्या. शालिग्रामनं भाषण ठोकलं, "मंडळी, टाकीतून बाहेर येतं ते आता शेण राहिलेलं नाही. हे खत आहे, शेणाहून भारी!"

गर्दी पांगायच्या आत गोजरबाई टोपली घेऊन टाकीच्या दुसऱ्या तोंडाशी गेली.

"हात नको लावू वं," वामनराव म्हणाले. "ते माह्या वावरात जाईन."

"मालक, शेण माह्यं ठरलं होतं ना?"

"शेण तुह्यंच हाय. पन हे शेण हाय काय? इचार तुह्या पोराले. आत्ताच बोलला चार लोकाइत."

"काका, मी तसं नव्हतं म्हनलं..."

"मंग कसं म्हनलं बे?"

लोक हसले. शालिग्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोजरबाई रिकामी टोपली काखेत मारून घरी गेली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती चुलीपुढं होती. घराच्या भिंतीवरची शेवटची गोवरी तिनं काढून आणली होती. भिंतीवर आता नुसते गोल डाग उरले होते.

"माय, माह्यं चुकलं वं."

तिनं भाकरी उलटली, गोवरी आत सारली.

"जेवून घे," ती म्हणाली. "जाळ हाय तवर गरम भेटते."