आरशामागची खिडकी

“माझ्यानंतर इथे जो कोणी राहायला येईल ना, त्याला तेवढं बाथरूमचं सांग हं,” शेजारच्या नर्सताई जाता जाता म्हणाल्या. एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात उशी, आणि खाली टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. “गॅसचा गीझर आतच आहे, आणि होती ती एवढीशी खिडकी त्या शहाण्याने आरशाचं कपाट ठोकून बुजवलीय. मला दोनदा चक्कर आली. आता मी आधी पाणी भरून घेते, गीझर बंद करते, मगच अंघोळीला जाते. पण सगळ्यांना कुठे कळतंय?”

“सांगते की,” मी म्हणाले. आठ महिन्यांची लेक कडेवर किंचाळत होती, दूध उतू जायच्या बेतात होतं. ‘सांगते की’ मी दिवसातून दहा वेळा म्हणते.

शहाणा म्हणजे आमचा एजंट. अख्खी इमारत त्याला चावीवाला म्हणते, कारण तो यायच्या आधी त्याचा जुडगा येतो, खुळखुळत. आमचं घरही त्याच्याच हातचं. मालक परगावी, त्यामुळे दर वर्षी करार पुढे न्यायचा की आम्हाला बाहेर काढायचं, हे चावीवालाच ठरवायचा.

दोन दिवसांनी तो दारात उभा.

“वहिनी, तुम्ही काय, दिवसभर घरीच असता. ही शेजारची चावी ठेवा. कोणी बघायला येणार असलं की अर्धा तास आधी खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे. आणि विचारलंच कोणी, तर दोन शब्द चांगले बोलायचे. आमचं कोण ऐकतो? एजंट दिसला की माणूस आधी खिसा चाचपतो. कडेवर पोर असलेल्या बाईवर मात्र सगळ्यांचा विश्वास.”

“पण ते बाथरूमचं...”

“माणूस पाठवतो ना. आणि तुमचा करारही आलाय पुढच्या महिन्यात, माझ्या लक्षात आहे बरं.”

दोन्ही वाक्यं त्याने एका दमात म्हटली. मी शिकलेली बाई आहे. त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध मला समजावून सांगावा लागला नाही. लेकीच्या लाळेऱ्याशेजारच्या खुंटीवर मी चावी अडकवली. माणूस काही आला नाही.

तीन-चार जण घर बघून गेले. मग मावशी आल्या. साठीच्या, कपडे शिवणाऱ्या, एकट्या. त्यांनी आधी खिडकीशी उभं राहून हातातल्या सुईत दोरा ओवून पाहिला. “उजेड पास!” म्हणाल्या. बाथरूममधल्या आरशात डोकावून हसल्या, “एवढा मोठा आरसा? माझ्यात बघण्यासारखं उरलंय काय आता!”

दाराशी आल्यावर त्यांनी मला गाठलं. “तू सांग गं, शेजारीण म्हणून. घरात काही त्रास?”

चावीवाला त्यांच्या मागे जुडग्यातल्या चाव्या नीट लावत होता. त्याने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

“आधीच्या ताई दोन वर्षं राहिल्या की,” मी म्हणाले.

शब्दन् शब्द खरा. खोटं बोलायचं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती.

राहायला आल्या की सांगू, असं ठरवलं होतं. आल्या, तेव्हा आमच्या कराराला आठवडा उरला होता. तो झाला, तर सांगणं आणखी अवघड झालं. आता नुसतं गीझरचं सांगून भागणार नव्हतं, आधी का नाही सांगितलंस याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. एकदा आडून आडून विचारलं, “मावशी, बाथरूममध्ये कोंदट नाही ना वाटत?”

“अगं, नळ फिरवला की गरम पाणी! एवढं सुख कधी पाहिलंय मी? आणि मी कडीसुद्धा लावत नाही. एकटीच्या घरात कडी लावायची ती कोणापासून?”

कडी नाही, म्हणजे दार बंद नाही, म्हणजे हवा आहे. अशी मी माझी समजूत घातली. भिंतीपलीकडे त्यांचं मशीन सुरू झालं की माझी लेक पाळण्यात डोळे मिटायची. उरलेल्या कापडांची त्यांनी तिला चार झबली शिवली.

झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी बाई मी. म्हणून असेल, त्या सकाळी मशीन गप्प आहे आणि पाणी वाहतंय, हे मला लगेच जाणवलं. त्यांचा पाइप आमच्याच भिंतीतून जातो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी दार वाजवलं, हाका मारल्या. मग खुंटीकडे धावले. चावी तिथेच होती. “राहू दे, लागते कधी कधी,” असं म्हणून चावीवाल्याने ती परत नेलीच नव्हती. आपल्या घराची चावी शेजारी लटकतेय, हे मावशींच्या गावीही नव्हतं.

लेकीला पाळण्यात रडत सोडलं आणि कुलूप उघडलं. बाथरूमचं दार ओढून घेतलेलं होतं. आत वाफच वाफ आणि फरशीवर मावशी. काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं, गीझर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि जिन्यात जाऊन ओरडले.

मावशी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गीझरचा विषारी वायू कोंडला होता, अजून दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. पण उजवा हात आता थरथरतो. सुईत दोरा जात नाही. घेतलेलं माप त्या पुन्हा विचारतात, मग पुन्हा.

आणि भेटेल त्याला सांगतात, “ह्या पोरीने वाचवलं मला.” जिन्यात बायका माझा हात हातात घेऊ लागल्या. चावीवाला तर घर बघायला आलेल्या लोकांनाच सांगू लागला, “शेजार बघा हो कसा आहे आमच्या इमारतीत!”

ते ऐकलं आणि लेकीला घेऊन मी एजंटांची नोंदणी होते त्या कचेरीत गेले. कारकून भला होता, त्याने बसायला खुर्ची दिली.

“त्यांची नोंदणी आहे,” तो म्हणाला. “एक अर्ज, दोन फोटो, की झाली.”

“मग घरं कोण तपासतं?”

“गीझर गॅसवाल्यांकडे, खिडकी बांधकामवाल्यांकडे. आमच्याकडे फक्त नाव. तक्रार लिहून द्या. घर दाखवताना धोका लपवला, याला साक्षीदार आहे?”

“आहे. मी.”

“म्हणजे घर तुम्हाला दाखवलं होतं?”

“नाही. मी दाखवत होते.”

त्याचं पेन थांबलं. मग त्याने ते लिहून घेतलं, शिक्का मारला. पुढे काही झालं नाही.

घरी न जाता तशीच मावशींकडे गेले. सगळं सांगितलं. त्या थरथरता हात डाव्या हाताने दाबून ऐकत राहिल्या.

“तुझ्या बाथरूमला खिडकी आहे?”

“आहे.”

“उघडते?”

“उघडते. त्या ताई गेल्या, त्याच दिवशी बघितली होती.”

मावशींनी मान हलवली. लेकीच्या पाचव्या झबल्याला फक्त बंद लावायचे राहिले होते. ते त्यांनी घडी करून माझ्या हातात दिलं. “हे तूच पुरं कर,” म्हणाल्या. त्यानंतर ‘ह्या पोरीने वाचवलं’ असं त्या कोणालाच म्हणाल्या नाहीत. पंधरा दिवसांनी भाची येऊन त्यांना घेऊन गेली.

आरसा अजून तिथेच आहे. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी जिन्यातच गाठून सांगते, म्हणून चावीवाल्याने चावी नेली आणि आमचा करारही संपवला. महिनाअखेरीस आम्ही जाऊ. मग इथे सांगायला कोणी उरणार नाही, आणि ती चावी कोणाच्या खुंटीवर लटकेल ते मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या शेजारी, वर, खाली कोणी नवीन राहायला आलं असेल, एकटं असेल, तर जाऊन दार वाजवा. बाथरूमची खिडकी उघडते का, एवढंच विचारा. उघडते म्हणाले, तरी आत जाऊन बघा. आणि मला ‘बघते की’ म्हणू नका. आधी जाऊन या.